दिसल्या

प्रिय चिमे,

फोनवर बोलायला धीर होत नाही, म्हणून लिहायला बसले.

काकू हरवल्या त्या सकाळी त्यांचा फोटो मीच टाकला होता. तपकिरी स्वेटर, गालावर तीळ, खाली माझा नंबर. संध्याकाळपर्यंत चाळीस हजार लोकांनी तो पुढे पाठवला. जोडलेले हात, 'लवकर सापडोत'. दर तासाला मी तुला आकडा कळवत होते. आपल्या इमारतीतलं मात्र कुणी चार पायऱ्या उतरून तळघरात डोकावलं नाही. पाचव्या दिवशी रखवालदाराला त्या अडगळीच्या खोलीत सापडल्या. दार बाहेरून अडकलं होतं.

सगळं उरकून महिना झाला. मी फोटो काढून टाकला, पण तो लोकांच्या हातून फिरतोच आहे. रोज कुणीतरी कळवतं, 'दिसल्या.' बसथांब्यावर. दवाखान्याच्या रांगेत. सुरुवातीला मी प्रत्येकाला लिहायची, अहो, त्या गेल्या. लोक त्यावरही अंगठ्याचं चिन्ह टाकायचे आणि फोटो पुन्हा पुढे पाठवायचे. परवा एका दुकानदार बाईंचा निरोप आला: "तुमच्या काकू आत्ताच येऊन गेल्या. तपकिरी दोऱ्याचं रीळ मागत होत्या. दार उघडत नाही, दार उघडत नाही, असं पुटपुटत होत्या." चिमे, काकू शिवणकाम करायच्या हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. दाराचंही नाही. मी उलट फोन केला, तर बाई म्हणाल्या, "असा निरोप मी पाठवलाच नाही."

आणि काल तुझं पत्र. 'माझ्या आईसाठी तू जिवाचं रान केलंस,' असं लिहिलंयस. नाही गं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मोरीच्या नळातून आवाज येत होता. तीन ठोके, मग शांत, मग पुन्हा तीन. वाटलं, प्लंबर असेल. कुणीतरी मला 'तुमच्यासारखी माणसं हवीत' असं लिहिलं होतं, त्याला उत्तर देण्यात मी गुंग होते. डॉक्टर म्हणाले, त्या तिसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होत्या. त्या ठोक्यांचं मी पोलिसांना सांगितलं नाही. उद्या सांगणार आहे. त्याआधी तुला. शिव्या द्यायच्या असतील तर समोर येऊन दे, मी घरीच आहे.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
ढब्बी