पन्नासची लेन्स आणि बाजेची दोन टोके

डोणगाव, सोमवार

चि. रवीस सुवर्णाताईचा सप्रेम जयभीम.

तू पाठवलेली नवी लेन्स मी परत करते आहे. कारण फोनवर सांगता येत नाही (आई शेजारीच बसलेली असते, आणि तिचे कान शाबूत आहेत), म्हणून लिहावे लागते. तुझी कंबर कशी आहे? तुझी दीपमाला सांगते ते व्यायाम कर. नुसता पट्टा बांधून कंबर सुधारत नाही. आम्ही बरे आहोत.

तू मला तुझा जुना मिररलेस कॅमेरा दिलास तो लेन्सशिवाय. लेन्स तिकडेच स्वस्तात बघ म्हणालास. काम एकच होते: आई आणि चांगुणामावशीचा एकत्र फोटो. दोघी ऐंशीच्या पुढच्या, सख्ख्या बहिणी, एकाच गल्लीत राहतात आणि अकरा वर्षे एकमेकींशी बोलत नाहीत, कारण मावशीचे रोडगे कच्चे राहिल्याचे आई चाळीस माणसांत बोलली. (कच्चेच होते. मी खाल्ले आहेत.)

मेहकरला अर्जुनरावांच्या स्टुडिओत गेले. त्यांनी तीन लेन्स मांडल्या. पहिली रुंद, खोलीच्या भिंतींसकट सगळे घेणारी, पण महाग. दुसरी स्वस्त, मी ट्यूबलाइटसमोर धरली तर आत बुरशी. अर्जुनराव म्हणाले, फोटोत दिसत नाही. मी विचारले, मग मला कशी दिसली? तिसरी पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, रीळवाल्या कॅमेऱ्याच्या काळातली, वजनदार, स्वच्छ. मध्ये एक कडी लावली की तुझ्या कॅमेऱ्यावर बसते. फोकस मात्र हाताने फिरवून करायचा. तिच्यावर १.८ लिहिलेले. हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, म्हणे. तीस वर्षे गणित शिकवले, असा उलटा कारभार पाहिला नाही. तरी घेतली.

रविवारी दोघींना बाजेवर बसवले. फोटो तू मागितलास म्हणून मावशी आली, पण बसली पायथ्याला, आई उशाला. लेन्समध्ये दोघी मावेनात. मी मागे सरकत दारातून ओसरीत, ओसरीतून गल्लीत, थेट रुखमाबाईच्या शेळीला टेकले. तिथून दाराच्या चौकटीने दोघींनाही कापले आणि मधली रिकामी बाज तेवढी दिसू लागली. शेवटी आत येऊन वर्गातल्या आवाजात म्हटले, सरका. सरकल्या. गुडघ्याला गुडघा लागला. मग माझे फोकस फिरवणे सुरू झाले. आई सापडली की मावशी धूसर, मावशी सापडली की आई मागे रेलणार. पाऊण तास गेला. एवढा वेळ गप्प बसायची दोघींनाही सवय नाही.

मावशी समोर बघतच म्हणाली, "काऊन वं सिंधे, डोयाचं आपरेशन झालं म्हने?"

"हाव," आई म्हणाली. "आता सारं दिसते. लय वाळली वं बाई तू."

पुढचे मी ऐकले नाही (ऐकले, पण लिहीत नाही). चहा दोनदा झाला. फोटो दाखवला तर आई स्पष्ट आणि मावशी धूसर. मावशी म्हणाली, हा चालणार नाही, पुढच्या रविवारी पुन्हा येते. त्या रविवारी मावशी स्पष्ट आली आणि आई धूसर. मग आईने हट्ट धरला. असे चार रविवार झाले. काल मावशी येताना स्वतःची उशी घेऊन आली.

तुझी,
सुवर्णाताई

ता. क. नवी लेन्स माणसाचे डोळे ओळखून आपोआप फोकस करते, असे खोक्यावर लिहिले आहे. म्हणूनच ती या घरात नको. येशील तेव्हाही आणू नकोस. दोघींनी विचारले तर अशी लेन्स अजून निघालेली नाही म्हणून सांग.

आणखी ता. क. पहिल्याच रविवारच्या नवव्या फोटोत दोघी लख्ख आल्या आहेत, हसताना. मी कुणाला सांगितलेले नाही. तूही सांगू नकोस.

रुखमाबाईचा नातू हर्षल पुण्याला निघाला आहे, त्याच्या हाती दिले: नवी लेन्स एक, खोके न उघडलेले. मेमरी कार्ड एक, त्यात फक्त नववा फोटो. मोठा करून तुझ्याकडेच ठेव. लागेल तेव्हा मी मागवून घेईन.