दोन मुठींची करवत

मी, कडूबा महादेवराव वाकोडे, वय वर्षे त्रेपन्न, धंदा झाडतोड, राहणार पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा, सर्वप्रथम माझी शेजारीण सोजराबाई हिच्या बकरीविरुद्ध तक्रार नोंदवतो. हे मृत्युपत्र मी काल एकदा लिहून संपवले होते. शाई वाळावी म्हणून कागद खाटेवर ठेवून आत पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात सदर बकरीने पहिले पान खाल्ले. मी शुद्धीवर आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि मी नशापाणी केलेले नाही, हे तिन्ही मुद्दे त्याच पानावर होते. सोजराबाईला सांगितले तर म्हणाली, "मंग काय झालं भाऊ? तुमचं सारं असंबी कोणाच्या तरी पोटातच जाईन." बाईला अक्षर येत नाही, पण वारसाहक्काचा कायदा पाठ आहे.

तर तेच पुन्हा लिहितो. डोके ठिकाणावर आहे, प्यायलो ते फक्त पाणी. दाब टाकायला घरात दुसरे माणूस नाही. येत्या गुरुवारी बुलढाण्याच्या दवाखान्यात माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टरांनी विचारले, "सोबत कोण येणार?" मी म्हणालो, "गाठ." ते हसले नाहीत.

कलम पहिले. राहते घर, दोन खोल्या व मागचा ओटा, माझी बहीण अन्नपूर्णाबाई, राहणार चिखली, हिला द्यावे. माझी बायको रुक्मिणी वारल्याला आठ वर्षे झाली. तेवढ्या काळात अन्नपूर्णाबाई तीनदा आली आणि तिन्ही वेळा सागाच्या फळ्या घेऊन गेली. तरी बहीण आहे. घराचे दार मी स्वतः फाडलेल्या फळ्यांचे आहे, ते विकू नये. विकायचेच झाले तर मला सांगू नये.

कलम दुसरे. पेट्रोलवर चालणारे, साखळीचे, झाड कापायचे परदेशी यंत्र, जे मी १९६५ साली धारणीकडच्या एका जंगल ठेकेदाराकडून घेतले, ते अन्नपूर्णाबाईचा मुलगा शालिग्राम याला द्यावे. त्याची त्यावर फार दिवसांपासून नजर आहे. मला भेटायला येतो तेव्हा आधी यंत्राची तब्येत विचारतो, मग माझी. त्याला खालील गोष्टी बंधनकारक राहतील.

पेट्रोल जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्यावे आणि सोळा मापांना एक माप तेल मिसळावे. तेलात काटकसर केली तर यंत्र एकदाच ओरडेल, नंतर कधीच नाही. साखळी बोटाने ओढली असता सरकली पाहिजे, पण पात्याखाली लोंबता कामा नये. काम करताना ती तापून सैल पडते. तेव्हा आवळलेली साखळी थंड झाल्यावर पुन्हा ढिली करावी, नाहीतर ती आकसून पाते धरून बसते. जमिनीला साखळी टेकवू नये. दिवसभराची धार मातीत क्षणात जाते. फांद्या कुऱ्हाडीने घ्याव्यात. डहाळ्यांवर यंत्र चालवणे म्हणजे डासाला कोर्टात खेचणे. थंडीत हात शेकल्याशिवाय यंत्र धरू नये. माझी चार बोटे आता सकाळी पांढरी पडतात आणि सदऱ्याची गुंडी लागत नाही. लावून द्यायला कोणी असते तर ही बाब मृत्युपत्रात आली नसती.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. गोल कानशीने प्रत्येक दाताला मोजून सारखेच हात द्यावेत, डावीकडच्या दातांना जितके तितकेच उजवीकडच्या. का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम तिसरे. साडेपाच फुटांची, दोन्ही टोकांना एकेक मूठ असलेली करवत. बावीस वर्षे हिची एक मूठ माझ्या हातात होती आणि दुसरी रज्जाक शेखच्या, जो याच गावचा आणि माझ्याच वयाचा. ही करवत ढकलायची नसते, फक्त ओढायची. एकाने ओढले की दुसऱ्याने सैल सोडायचे. एवढे जमले की अर्धा संसार जमला. रुक्मिणी म्हणायची, "तुमचं लगन त्याच्यासंगच लावायले पाह्यजे होतं."

१९६१ च्या उन्हाळ्यात आम्ही उकंडराव पाटलांच्या आवारातली चिंच पाडायला घेतली. ती पडीत जमिनीकडे पडायची होती. बुंध्यातच वळली आणि गोठ्यावर गेली. पाटलांचा एक बैल जागीच मेला. गाव गोळा झाले. उकंडरावांनी विचारले, "हात कोणाचा चुकला?"

मी म्हणालो, "रज्जाकनं झटका देल्ला."

रज्जाकने माझ्याकडे पाहिले. मग पाटलांना म्हणाला, "हा म्हणते त असंल. त्या बाजूचं मले काय दिसते?"

आमच्या धंद्यात एकदा हात वाकडा ठरला की त्या माणसाला कोणी झाडाजवळ उभे करत नाही. रज्जाकला वेशीजवळच्या वखारीत काम मिळाले. तिथे खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवून फळ्या पाडतात. एक जण ओंडक्यावर उभा राहून रेघ सांभाळतो. दुसरा खड्ड्यात उभा राहून ओढतो आणि भुसा खातो. ओंडका बदलला की जागा बदलायची, हा रिवाज. पण रेघ चुकवणारा म्हणून ज्याचे नाव झाले त्याला वर घेत नाहीत. रज्जाक नऊ वर्षे खालीच आहे.

त्यानंतर माझ्या करवतीची दुसरी मूठ धरायला दोघे-तिघे आले. कोणी लटकायचे, कोणी ढकलायचे, दिवसभर कोणी टिकले नाही. करवत खुंटीवर गेली आणि चार वर्षे मी कुऱ्हाडीवर काढली. मग मी एकट्याने चालवायचे ते यंत्र घेतले. गावात सांगत फिरलो की आता मला कोणाची गरज नाही. ते खरे ठरले. कोणी आलेच नाही.

तीन वर्षांपूर्वी चिखलीच्या वाटेवर एक निंब कापत होतो. काप सरळ जाईना, चंद्रकोरीसारखा वळू लागला. सवयीने मी मान वर केली. ओरडायला तोंडही उघडले. समोर कोणी नव्हते.

यंत्र बंद केले आणि साखळी पाहिली. एका बाजूचे दात तीक्ष्ण, दुसऱ्या बाजूचे बोथट. माझा उजवा हात एका बाजूला जोर धरतो, दुसरीकडे कानस नुसती सरकते. घरी येऊन ही करवत खुंटीवरून काढली. चिंचेनंतर तिला कानस लागली नव्हती. तिचेही तेच. चिंच पाडायच्या आदल्या दिवशी तिला धार मीच लावली होती. नवी कानस पेटीत कागदासकट होती. ती वाचवायची म्हणून जुनीच वापरली, आणि ती अर्ध्यातच गुळगुळीत झाली. एका बाजूचे दात कापत होते, दुसऱ्या बाजूचे नुसते हजेरी लावत होते. काप वाकडा गेला, बुंध्यात एका अंगाला लाकूड जास्त राहिले आणि त्याने चिंचेला गोठ्याकडे ओढून नेले. रज्जाक जसा रोज ओढायचा तसाच ओढत होता.

हे कळूनही मी तीन वर्षे काय केले? दोन्ही बाजूंचे दात मोजून घासले. सांगितले कोणाला नाही.

म्हणून जाहीर करतो की चिंचेला हात माझा चुकला, रज्जाकचा नाही. इथे मी मूळ मजकुरात लिहिले होते, "हे कलम माझ्या मृत्यूनंतर चावडीवर वाचावे." साक्षीसाठी बोलावलेल्या उकंडरावांनी ते दोनदा वाचले.

"बैलाची किंमत म्या तवाच सोडली होती," ते म्हणाले. "आता मागू काय?"

"मागा."

"अन रज्जाकचे नऊ वर्ष कोण मागन?"

मी दौतीला बूच लावू लागलो.

"गुरुवारी जाऊन राह्यला, अन आता लिहून राह्यला. मेल्यावर त कोणीबी खरं बोलते बे कडूबा. तुले कोण इचारायले येणार हाय तवा?"

वरील ओळ मी खोडली आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. आज दिवेलागणीच्या आधी भगवंतराव गुरुजींनी हे कलम चावडीवर मोठ्याने वाचले. मी शेजारी उभा होतो. बसावे असे वाटले, पण बसलो नाही. कोणी काही बोलले नाही. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला द्यायची शिक्षा गावाला बरोबर ठाऊक आहे.

सदर करवत रज्जाकला द्यावी. दोन्ही बाजूंचे दात मी नव्या कानशीने सारखे केले आहेत. दुसरी मूठ कोणाच्या हातात द्यायची, ते त्याने ठरवावे.

कलम चौथे. कुऱ्हाडी, दोर आणि पाचरी ज्याला लागतील त्याने न्याव्यात. दोर आधी ओढून पाहावा. बकरीला काही नाही.

हे सारे माझ्या राजीखुशीने, माझ्याच अक्षरात. अक्षर वाकडे आहे ते बोटांमुळे.

मुक्काम पिंपळगाव राजा, ता. १० जानेवारी १९७०
(सही) कडूबा महादेवराव वाकोडे

साक्षीदार:
१. उकंडराव पाटील, राहणार सदर (वाचून, समजून व रागावून)
२. भगवंतराव, शिक्षक, राहणार सदर

ता. ११. सहीखाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, असे गुरुजी म्हणतात. म्हणून हे इथेच लिहितो.

आज सकाळी करवत खांद्यावर टाकून वखारीत गेलो. रज्जाक खड्ड्यात होता. भुशाने माखलेले नुसते डोके दिसत होते. चावडीवरचे त्याच्या कानावर गेले होते.

"कवा जाऊन राह्यला दवाखान्यात?"

"गुरुवारी."

"भेव लागते?"

"हाव."

तो वर आला. पंच्याने तोंड पुसले. माझ्या खांद्यावरची करवत घेतली, वखारवाल्याला न विचारता नव्या ओंडक्यावर चढून उभा राहिला, रेघेकडे पाहिले आणि मला म्हणाला, "मंग उतर खाली."

मी पोटाला पंचा आवळून बांधला आणि उतरलो. खालून फक्त करवतीचे टोक दिसते आणि त्याच्या चपला. मधेच वरून आवाज आला, "लटकू नको बे, सैल सोड." मी सैल सोडले.

ओंडका सागाचा होता, आठ फुटी. दोनदा बसावे लागले. रेघ कुठे सुटली नाही. माझ्याकडे राहिलेल्या खड्ड्यातल्या पाळ्यांपैकी एक फिटली.