पहिली फाईल

प्रिय भिंगरी,

गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस की आईची रेकॉर्डिंगं ऐकायची आता हिंमत झालीय, पाठवून द्या. ती गेल्यापासूनच्या दीड वर्षात पहिल्यांदाच मला हुरूप आला बघ. आजारपणात तिने तुझ्यासाठी बोलून ठेवलेल्या एकेचाळीस फायली. ऑफिसातले सर्व्हर मी तीस वर्षं सांभाळले, माउसने टकटक करत बसणाऱ्यांना कायम नावं ठेवली. आपलं काम म्हणजे काळ्या पडद्यावर हुकमाची एक ओळ लिहायची, सगळ्या फायलींचं एक आटोपशीर गाठोडं बांधून मोकळं व्हायचं. आवाजाच्या फायली तशा दाबून फारशा लहान होत नाहीत. तुझ्या आईचा आवाज तर मला जन्मात दाबता आला नाही. पण पाठवायला सुटसुटीत, म्हणून परवा सकाळी चहा घेऊन बसलो.

त्या ओळीत आधी नव्या गाठोड्याचं नाव लिहायचं, मग आत काय भरायचं ते. ऑफिसात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाकडून मी हे घोकून घ्यायचो. नाव विसरलात तर कॉम्प्युटर पहिल्या फाईललाच गाठोडं समजतो आणि बाकीच्या सगळ्या तिच्यावर ओततो. विचारत नाही, ओरडत नाही. या चुकीवरून एकाला मी सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं, रडकुंडीला आला होता बिचारा. आणि परवा मीच नाव विसरलो गं! चाळीस शाबूत आहेत, पहिली गेली. ज्यावर तिने हे बोलून ठेवलं तो आईचा फोन मी कधीच पुसून मावशीला देऊन टाकलेला. दुसरी प्रत नाही. प्रत ठेवा, प्रत ठेवा म्हणून जगाला ओरडणारा तुझा बाप! काल स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडलो.

उरलेल्या चाळिसांत ती मजेत आहे. शेजारणीच्या नकला, तुझे लहानपणीचे हट्ट, माझ्या घोरण्याची टिंगल. आकडे बदलून त्याच एकपासून सुरू केल्या असत्या तर तुला पत्ताही लागला नसता. खरं सांगतो, काल तेही करून झालं होतं. मग पुन्हा होते तसे केले.

कारण आईला शेवटी मी जवळ नको होते का, असं तू मला दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. आजार किती वाढलाय ते परीक्षा होईपर्यंत भिंगरीला कळवायचं नाही अशी आईनेच शपथ घातली होती, असं मी तुला सांगितलं. ते खोटं आहे. ती मागे लागली होती, पोरीला बोलवा. मी तिला सांगत राहिलो की कळवलंय, पेपर संपले की येतेय. मला वाटलं अजून वेळ आहे. फोनवर ती तुला ये म्हणाली नाही, कारण तुला सगळं माहीत आहे असं ती समजत होती. पहिल्या फाईलमध्ये ती म्हणत होती की पेपर सोडून धावत येऊ नकोस, मी थांबते. आणि नाहीच थांबता आलं तर मी रुसले असं मनात आणू नकोस. मग बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू यायचा. ती गेल्यावर मी ते ऐकलं, आणि तरी दीड वर्ष तुला बोललो नाही. आता तिच्या तोंडून तुला ते कधीच ऐकता येणार नाही, म्हणून मी लिहितोय. तिला तू हवी होतीस, बाळा. रोज विचारायची, किती पेपर राहिले?

तुझाच, फोन केलास तरी आणि नाही केलास तरी,
बाबा