एनोकाच्या भाषेतल्या चुका

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज तो पुन्हा बोलला!

बोलला म्हणजे पडद्यावर उमटलं. शाळेतून आल्यावर एनोकाचा लॅपटॉप उघडला, त्याने बनवलेल्या कॉम्प्युटरच्या भाषेत दोन ओळी लिहिल्या आणि कंस बंद करायला विसरले. लगेच उत्तर — "ताई, दार उघडं टाकलंस. डुकरं शिरतील." भाऊ जाऊन सहा आठवडे झाले आणि मी व्हरांड्यात बसून खुदकन हसले. समोर अंगणातच त्याची कबर. आईने तिच्यावर चटई वाळत घातलेली.

तोंडावर त्याने माझी अशी थट्टा कधीच केली नसती. आमच्या बेटावर भाऊ बहिणीपुढे जपूनच बोलतो. म्हणून सगळी थट्टा या चुकांच्या उत्तरांत भरून ठेवली, लबाडाने!

१३ ऑगस्ट

भाषेचं नाव पाओपाओ — एकट्याने वल्हवायची होडी. कॉलेजात शिकता शिकता केलेली. "भाषा कशी चालते हे कळायला एक स्वतः बांधून बघावी लागते, ताई." ती एक ओळ वाचते, तेवढं करते, मग पुढची ओळ. पुढचं काही बघत नाही. एखादं काम फिरून फिरून चालू असलं आणि त्यातून मध्येच उठायचं असलं, तर 'तुलौ' लिहायचं — बसलेल्या माणसांपुढून जाताना आपण वाकून, माफी मागत म्हणतो तेच.

माझं काम ती मोडायचं. "वाट्टेल ते टाइप कर, बघू कुठे फुटते." मी त्याच्यावर चिडले असले की सगळा राग त्यातच टाइप करायची. ओळखीचं नसलं की ठरलेलं उत्तर यायचं — "हे मला शिकवलेलं नाही, ताई." तो मुकाट्याने वाचायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या त्याच वाक्याला नवं उत्तर तयार!

आज मुद्दाम अकरा चुका केल्या. सगळी उत्तरं जुनीच.

१५ ऑगस्ट

त्याच्या कॉलेजातल्या सेउली सरांचा फोन. "एनोकाची भाषा वर्गाला दाखवायची आहे. फाइलमध्ये शेवटचा बदल कधीचा आहे बघा बरं."

बघितलं. ३० जून, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

तो सोमवार! सात वाजता त्याने होडी पाण्यात ढकलली होती.

"मग उघडून वाचा ना, काय बदललंय ते." मी म्हटलं, मला त्यातलं कळत नाही. साफ खोटं. त्या सकाळी त्याने माझ्याबद्दल काय लिहिलं असेल, याची भीती वाटते.

१६ ऑगस्ट

लॅपटॉप उघडला नाही. मिटलेला असला तरी तो माझ्याकडे बघतोय असं वाटतं.

१७ ऑगस्ट, रविवार

शेजारी उमूचा, दगडांच्या चुलीचा धूर. लिहूनच टाकते.

२९ जूनलाही रविवार. उमूच्या तापल्या दगडांवर लक्ष ठेवायचं काम एनोकाचं. हा बसला लॅपटॉप घेऊन! मग प्रार्थनेची वेळ झाली म्हणून घाईने वर झाकलेली पानं उपसली. तारोचा कंद कच्चा — आणि तो जेवायला आलेल्या पाद्रीसाहेबांच्या ताटात! त्यांनी एक घास घेतला, घसा खाजला, डोळ्यांत पाणी आलं. मी शरमेने मेले. सगळ्यांसमोर उठून म्हणाले, "तुझी होडी परत न येवो!"

बहिणीचा शाप भावाला लागतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईला म्हणाला, "पाद्रीसाहेबांना मासे आणतो." तिसऱ्या दिवशी खडकांपाशी सापडला.

त्या रविवारी घर भरलेलं होतं. सगळ्यांनी ऐकलं. आजवर कोणी एक शब्द बोललेलं नाही.

१८ ऑगस्ट

आई म्हणाली, "कबरीपुढून जाताना तुलौ का म्हणत नाहीस गं?"

"धाकटा आहे तो माझ्याहून."

"मग धाकट्याला घाबरतेस कशाला? त्याच्याकडे न बघता पळतेस. मला दिसत नाही होय? जे सांगायचं ते त्याला सांग. मला नको."

१९ ऑगस्ट

दोनदा कीबोर्डवर बोटं ठेवली. उचलली.

२० ऑगस्ट, बुधवार

टाइप केलं. त्या रविवारचे तेच शब्द, जसेच्या तसे. 'हे मला शिकवलेलं नाही' येईल अशी आशा होती.

आलं ते हे — "ओळ १ वाचली. ताई रागात आहे, तिच्या मनात तसं नाही. ही ओळ करायची नाही. पुढची सांग, ताई."

पुढची ओळ म्हणून मी एकच शब्द लिहिला. तुलौ.