किंचाळण्याची नोकरी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला का, की तोही तुमच्या परवानगीची वाट बघतोय?

मला नोकरी लागली, हे बाबांनी कळवलं असेलच. कसली, ते नसेल कळवलं. एका करमणूक बागेतल्या भूतबंगल्यात मी किंचाळते. म्हणजे तिकीट काढून आलेल्यांत मिसळून आत जायचं आणि सांगाडा हलला की सगळ्यांत आधी घाबरायचं. (पहिलं कुणी घाबरायचं यावर माणसं फार अडून बसतात.) सध्या मी कच्ची आहे. कायम झाले नाही, तर बाबा मला त्यांच्या नळाच्या दुकानात जन्मभर वॉशर विकायला बसवणार.

आमच्या मालकांचं एक मत आहे. मराठीत घाबरलेला माणूस दारातच उभा राहून पाचावर धारण कशी बसली, बोबडी कुठे वळली, ते सविस्तर सांगत बसतो आणि मागची रांग खोळंबते. इंग्रजीत कसं, झटपट उरकतं. म्हणून त्यांनी मला इंग्रजीत घाबरायची शिकवणी लावली. अंधारात शिरताना 'गिव्ह्ज मी द क्रीप्स', म्हणजे कसंतरीच होतंय. सांगाडा दिसला की 'स्केअर्ड स्टिफ', भीतीने ताठ. मग 'ब्लड रॅन कोल्ड', रक्त गार. आणि शेवटी 'जम्प्ड आउट ऑफ माय स्किन', म्हणजे दचकून थेट कातडीच्या बाहेर उडी. (एवढं झाल्यावर घरी न्यायला काय उरतं, असं मी शिकवणीच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तू पाठ कर.)

परवा मालक स्वतः परीक्षा घ्यायला आत आले. मी सगळं क्रमाने म्हटलं. लोक खूश! एका आजोबांनी उच्चारांचं कौतुक केलं, एका बाईंनी क्लासचा पत्ता मागितला, पण घाबरलं कुणीच नाही. मालकांचा चेहरा पडला. माझ्या डोळ्यांपुढे वॉशर नाचायला लागले. तेवढ्यात सांगाड्याला (आत आमचा वायरमन असतो) शिंक आली आणि त्याचा गार हात माझ्या मानेवर पडला. आई गं, मेले! अशी काही ओरडले मी, की अख्खा भूतबंगला रिकामा झाला. आजोबा पळाले, बाई पळाल्या, हडळ झगा वर धरून पळाली, सांगाडा पळाला आणि मालक तर सगळ्यांना ढकलून पळाले. नंतर दारात उभे राहून पाचावर धारण कशी बसली ते सविस्तर सांगत होते.

आता अट अशी, की रविवारी हीच किंचाळी परत निघाली तर मी कायम. पण ती निघतच नाही हो! वायरमनला मुद्दाम शिंकायला लावलं, तर हसूच येतं. काल मला खरंच रडू आलं.

बाकी क्षेम.

तुमची,
भाची

ता. क. रविवारी इकडे यायला जमेल का? सांगाड्याच्या जागी उभं राहायचं आणि मी जवळ आले की माझं पूर्ण नाव घेऊन हाक मारायची, बस्स. या जगात मी खरी घाबरते ती तुम्हालाच. मेकअप लागणार नाही, असं मी मालकांना सांगून ठेवलंय.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झालं आणि तुम्ही ते वाचताय असं चित्र डोळ्यांपुढे आलं. अशी किंचाळी निघाली, की इथे भूतबंगल्यात बल्ब बदलत असलेला वायरमन शिडी टाकून पळाला. तेव्हा तुम्ही यायची तसदी घेऊ नका. या पत्राचं उत्तर तेवढं पाठवा. रविवारी ते न फोडता नुसतं हातात धरीन.