त्या पोराला कुठं ठाव हाय

अण्णा, एक दुरुस्ती करायची आहे. तुम्ही मला तालमीत उतरू दिलं नाहीत, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. मुळाक्षरं मला तुम्हीच शिकवलीत, हळदीच्या रिकाम्या पोत्यांवरच्या शिक्क्यांवरून. चुकलं तर खोडून शेजारी नीट लिहायचं, हा नियमही तुमचाच. म्हणून लिहिते आहे.

मी पाचवीत होते. शेजारच्या काकूंनी एका रविवारी भाड्यानं व्हीसीआर आणला. कराटेची एकच कॅसेट मिळाली होती, म्हणून गल्लीनं दिवसभरात ती तीनदा बघितली. परदेशातलं बंदर, मार खाणारा किडकिडीत मुलगा, आणि डाव शिकवायचे सोडून त्याला मासेमारीची गुंतलेली जाळी सोडवायला लावणारा म्हातारा. तुम्ही आठवडाभर मार्केट यार्डात पोती उचलायचात, पहाटे तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचात; त्या दिवशी भिंतीला टेकून बसलात आणि दहाव्या मिनिटाला म्हणालात, "हे पोरगं जिंकतंय बघा."

"आवं, आधी बघितलाय व्हय?" काकूंनी विचारलं.

"न्हाई. पण म्हातारं उगाच जाळी सोडवाय लावतंय व्हय? बोटं तयार करतंय त्याची."

"मग आता कशाला बसलाय? जावा की घरला."

सगळे हसले, तुम्ही उठला नाहीत. तिसऱ्या खेपेला, शेवटच्या लढतीत, तुम्ही माझं मनगट असं धरलंत की बांगडी रुतली. मी म्हटलं, "अण्णा, कोण जिंकणार ते ठाव हाय न्हवं तुमास्नी?"

"मला ठाव हाय गं. त्या पोराला कुठं ठाव हाय?"

चार दिवसांनी नागपंचमी. तालमीत मातीची पूजा. तेल, ताक घालून माती मऊ केलेली आहे आणि मी हळदीचं ताट घेऊन उंबऱ्याशी उभी आहे. मुलींनी तिथवरच यायचं असे. पोरं अजून आलेली नाहीत. तुम्ही घोटाभर मातीत उभे राहून म्हणता, "ये, उतर. पाय तरी ठेव."

"फ्रॉक मळंल."

"बरं," एवढंच म्हणून तुम्ही ताट घेतलंत. पुन्हा कधी विचारलं नाहीत, आणि दोन वर्षांनी गेलात. फ्रॉक जुनाच होता. मला पडायची भीती वाटली होती.

आता लेक तोच सिनेमा फोनवर चौथ्यांदा बघते आहे. मीही शेजारी बसते. शेवट पाठ झालेला सिनेमा आपण का बघतो, याचं मला कुतूहल आहे. म्हातारा जाळी पुढे करतो, मुलगा क्षणभर घुटमळतो, आणि प्रत्येक वेळी मला वाटतं, आज हा नको म्हणेल. तो घेतो. मग मला श्वास घेता येतो.

त्याच तालमीत आता मुलींना घेतात. मागच्या आठवड्यात लेकीनं जाऊ का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "आजोबांना चाललं नसतं." तुमच्या नावावर मी माझी भीती तिला दिली.

हे पत्र हळदीच्या डब्याखाली ठेवते आहे. तिच्या हाती ते लागू नये. तिला मी तोंडानंच सांगायला हवं. माझ्या पायांना अजून धीर नाही, पण येत्या नागपंचमीला, शुक्रवारी, सकाळी सहा वाजता, तिच्या आधी मी उतरणार आहे.