जलमित्र पुरस्कार

७ मार्च २०१६, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या मेल्यावर छापतात म्हणे, तेवढ्यासाठी अक्षर नीट काढतोय.
संकल्प केले. पहाटे पाचला उठायचं, कुणावर ओरडायचं नाही, चहात साखर नाही. उठायला साडेआठ झाले, कारण टँकरवाल्यांनी आमचा हौद भरायला रात्री उशीर केला. गावात पाणी नाही, त्यामुळे चेअरमनकडे साठा असावा लागतो. जबाबदारी असते.
तालुक्याच्या बैठकीत साहेब म्हणाले, जी सहकारी संस्था अपंगांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृह बांधेल तिचा जिल्ह्याला सत्कार. आमची धवलधारा दूध संस्था युसूफ वडगावच्या बाजारतळालाच लागून आहे. मे महिन्यात संचालक मंडळाची निवडणूक. मला पुढचं सगळं तिथल्या तिथे दिसलं. बाकीचे चेअरमन भजी खात बसले होते.

९ मार्च, बुधवार
आता अपंग म्हणायचं नाही, दिव्यांग म्हणायचं. ताबडतोब बोर्ड रंगवून घेतला. ‘दिव्यांग स्वच्छतागृह’, खाली माझं नाव. मोकळ्या जागेत रोवला. लांबून फारच छान दिसतो. निम्मं काम झालं.

१२ मार्च, शनिवार
हल्ली लोकांना विश्वासात घ्यावं लागतं. घेतलं. पश्चात्ताप झाला.
भिवराबाई दुधाचा पगार न्यायला आली होती. नवरा ऊसतोडीला कर्नाटकात, घरी दुसरं कुणी नाही, म्हणून मुलाला हातगाड्यावर घालून आणते. मुलगा म्हणजे मुंजाजी, चांगला मिशा फुटलेला बाप्या. पायांत जीव नाही, हात वाकडे, बोलणं आईलाच कळतं. तिला विचारलं, स्वच्छतागृह बांधतोय, काही सूचना? अशा वेळी माणसानं आभार मानावेत. ती सूचनाच करायला लागली. “दार रुंद ठिवा साहेब, गाडा आत गेला पायजे. अन आत एक लांब वटा करा. मुंजाला आडवं करूनच बदलावं लागतं. लहान हुता तवर मांडीवर भागायचं.”
संडासात आडवं पडायचं! लॉज बांधतोय का मी?
पुढे म्हणते, मलाबी त्याच्यासंगं आत सोडा. मी समजावलं, पुरुषांच्या बाजूला बाई कशी सोडणार? तर म्हणाली, “मग बायांच्या बाजूला त्याला सोडता का?” उलट बोलण्याची सवय वाईट. संकल्पामुळे ओरडलो नाही. फार नाही.

२१ मार्च, सोमवार
कोनशिलेवर मीटिंग. चार तास. स्वच्छतागृहावर पाच मिनिटं, कारण त्यात वादाचं काहीच नव्हतं.
कोनशिलेवर सगळे संचालक आले. मग माजी संचालक आले. मग मयत संचालकही घ्यावे लागले, कारण त्यांची पोरं मतदार आहेत. संगमरवर वाढत गेला. समोरची भिंत तेवढीच. शेवटी दार कमी केलं.
आमचा सचिव शहादेव मध्येच म्हणाला, “साहेब, गाडा कसा जायचा?” म्हटलं, गाडा बाहेर ठेवायचा. देवळात जाताना माणूस चप्पल बाहेर ठेवतो ना? सगळे हसले. शहादेव हसला नाही. या माणसाला विनोदबुद्धी नाही आणि दूरदृष्टीही नाही.

३ एप्रिल, रविवार
काम पूर्ण. उतार केला आहे, कठडा केला आहे, नळ बसवला आहे. नळाला पाणी नाही, पण सध्या कुणाच्या नळाला आहे? ओट्याच्या जागी शोभेचं झाड ठेवलं. प्लास्टिकचं. टंचाईत विचार करावा लागतो.
चावी माझ्याकडे. उघडं ठेवलं तर लोक वापरतील आणि उद्घाटनाआधीच घाण होईल.

९ एप्रिल, शनिवार
आज मला एक दर्शन घडलं. दुसरा शब्द नाही.
बाजारचा दिवस, बेचाळीस डिग्री ऊन. संस्थेच्या पायरीशी भिवराबाई रांगेत, गाड्यावर मुंजाजी. तो माठाकडे हात करून ऊं ऊं करत होता. शहादेव पेला भरून घेऊन गेला. बाईनं पेला परत केला! पदराचा शेव ओला केला, पोराच्या ओठांवरून फिरवला आणि म्हणाली, “घरी गेल्यावर देते राजा.” तो रडायला लागला, तरी द्रवली नाही.
मी आतून पाहत होतो. अंगावर काटा आला. गाव टँकरमागे घागरी घेऊन पळतं, भांडतं, डोकी फोडतं. आणि ही अडाणी बाई एका ओल्या पदरावर तरुण पोराला दिवसभर ठेवते! पाण्याची बचत म्हणतात ती ही. पुढाऱ्यांच्या भाषणांनी जे होत नाही ते हिनं करून दाखवलं.
पुरस्कार द्यायचा. नाव सुचलं, जलमित्र. स्वच्छतागृहाचं उद्घाटन आणि पुरस्कार एकाच मांडवात. एकाच मंडपखर्चात. मीच हे करू जाणे.

१७ एप्रिल, रविवार
भाषण लिहून सत्यभामेला वाचून दाखवलं. बायकोनं नवऱ्याचं भाषण ऐकून डोळे पुसावेत अशी अपेक्षा नाही, पण भाकरी थापायची तरी थांबवावी. सगळं ऐकून म्हणाली, “ती पानी कावून देत न्हाई, ते इचारलं का तिला?”
म्हटलं, त्यागाला कारण विचारत नसतात.
मग म्हणाली, “तुमाला साखरेमुळं घटकाघटकाला उठावं लागतं. बाजारात कुटं जाता?”
म्हटलं, संस्थेच्या भिंतीमागे. त्यात काय विचारायचं?
“अन त्या पोरानं कुटं जायचं?” असं म्हणून तवा आदळला. विषय कुठला, ही नेते कुठे! घरात बौद्धिक वातावरण नाही. भाषणात एक वाक्य वाढवलं. तहानेवर विजय मिळवणारी माता.

२४ एप्रिल, रविवार, रात्री
कार्यक्रम एकूण यशस्वी. किरकोळ उणिवा नोंदवतो.
माझं भाषण पाऊण तास. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते भिवराबाईंना काचेचा पाण्याचा थेंब दिला, मुंजाजीला टोपी घातली. इथपर्यंत उत्तम. मग दोन शब्द बोला म्हणून मीच माइक पुढे केला. माझा मोठेपणा मला नेहमी नडतो.
त्या म्हणाल्या, “म्या पानी वाचवत न्हाई. बाजारच्या दिशी मुंजाला सकाळधरनं पाजतच न्हाई. पानी पिला तर व्हनार, अन झालं तर बदलू कुटं? चार मानसांत उघडा करू का त्याला? तो बोलत न्हाई, पन त्याला लाज हाय.”
प्रसंग सांभाळायला मी टाळ्या सुरू केल्या. एकट्याच्या टाळ्या फार मोठ्यानं ऐकू येतात. 
पाहुणे म्हणाले, मग उघडा की हे, जाऊ द्या त्याला पहिल्यांदा. फीत कापली, कुलूप काढलं, भिवराबाईंनी गाडा उतारावरून वर ढकलला. दारात अडकला. मागे घेतला, तिरका केला, परत अडकला. पाहुण्यांनी दाराकडे पाहिलं, मग शेजारच्या कोनशिलेकडे, मग नावं वाचत बसले. बराच वेळ वाचत होते. मी लक्षात आणून दिलं की गाड्याचं माप चुकीचं आहे. पाहुणे मांडवाबाहेर पडले. जेवलेही नाहीत.

२५ एप्रिल, सोमवार
रात्री झोप नाही. शांतपणे विचार केल्यावर माझी कुठेच चूक दिसत नाही.
शहादेव म्हणाला, कोनशिला काढून दार वाढवू, गवंडी आजच येतोय. म्हटलं, निवडणूक तोंडावर आणि मयत संचालकांची नावं भिंतीवरून उतरवायची? त्यांच्या पोरांना काय सांगू? त्यापेक्षा संस्थेतर्फे सर्व दिव्यांगांना गाड्याचं प्रमाणित माप कळवावं. ठरावाचा मसुदा मनात तयार आहे.
चहात साखर घेतली. मानसिक ताण.

३ मे, मंगळवार
भिवराबाईंचं दूध तीन दिवस आलं नाही. शहादेवनं बातमी आणली, मुंजाजीला ताप भरला होता, अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवलंय. लघवी बंद झाली होती, रात्रभर ओरडत होता.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. उद्या भेटायला जायचं. केळी घेऊ. शहादेवला कॅमेरा घ्यायला सांगितला. लोकांनी त्या दिवशी जे पाहिलं त्यावर असा एखादा फोटो बरा.

४ मे, बुधवार
दवाखान्यात गेलो. मुंजाजीला सलाईन. गाल बसलेत, पण हुशारीत आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नातेवाईक का? म्हटलं, चेअरमन. त्या म्हणाल्या, “लघवीत इन्फेक्शन आहे. याला पाणीच मिळत नव्हतं. घरात कुणाला कळलं नाही का?” भिवराबाई खाली मान घालून बसल्या. मी केळी ठेवायला जागा शोधली.
मुंजाजी पाणी पीत होता. पेल्यामागून पेला. निम्मं हनुवटीवरून सांडत होतं आणि तो हसत होता. मी म्हटलं, अरे वा! भिवराबाई म्हणाल्या, “हितली मोरी लई मोटी हाय साहेब. चाकाच्या खुर्चीसकट जातो आत. म्हून पाजते.”
मग त्यांनी विचारलं, “आपलं दार कवा मोटं करता?”
मी नीट समजावून सांगितलं. आधी निवडणूक, मग नवीन मंडळ, मग ठराव, मग मंजुरी, तोवर पावसाळा. दिवाळीनंतर नक्की विचार करू.
त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मुंजाजीनं पेला पुढे केला होता. त्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि खिडकीत ठेवला. “बास आता,” म्हणाल्या. “सकाळी सुट्टी हाय. जीपनं वडगावला जायचंय.”
मुंजाजी पेल्याकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे.
शहादेवनं विचारलं, फोटो काढू का? मी नको म्हणालो. का नको म्हणालो ते लिहायला बसलोय. सुचत नाही.